घरी येणारी मावशी: ज्येष्ठांच्या गृहसेवेचा लहान व्यवसाय सुरू करणाऱ्यांसाठी

पुण्यात कोथरूड, सहकारनगर किंवा औंधमधल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या फाटकाशी सकाळी किंवा रात्री आठच्या सुमारास उभे राहिले, तर खांद्याला पिशवी अडकवून लगबगीने आत-बाहेर करणाऱ्या काही स्त्रिया हमखास दिसतात. वॉचमनच्या वहीत त्यांची नोंद ‘पेशंटची मावशी’ एवढीच असते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते, म्हणजे ८.६ टक्क्यांच्या देशाच्या सरासरीहून अधिक. त्यानंतरच्या वर्षांत मुले परगावी किंवा परदेशी असलेल्या घरांत या मावशीवाचून चालेनासे झाले आहे. तिला घरोघरी पाठवणारी जी लहान संस्था असते, तिला बोलीत ‘ब्युरो’ म्हणतात. असा ब्युरो नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझे अनुभव पुण्यातले असल्याने उदाहरणेही तिथलीच आहेत.

एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो. या व्यवसायात येणारे बहुतेक जण वृद्धांविषयीच्या कळवळ्याने येतात. परंतु आजोबांना मिळणारी माया ही आदल्या रात्री मावशीला किती झोप मिळाली, तिचा पगार वेळेवर झाला का आणि त्या घरात तिला जेवायला कुठे बसवतात, यांवर ठरते. त्यामुळे करुणा माहितीपत्रकात छापण्यापेक्षा ड्युटीच्या तक्त्यात आणि पगारपत्रकात उतरवावी लागते.

पहिली पायरी: काय करणार आणि काय करणार नाही

सेवेची हद्द सुरुवातीलाच कागदावर लिहून काढावी. अंघोळ किंवा स्पंजिंग, कपडे बदलणे, भरवणे, डायपर बदलणे, कूस बदलणे, वॉकरने चालवणे, ठरलेल्या वेळी औषधाची आठवण करून देणे आणि सोबत बसणे ही शुश्रूषा-सहायिकेची कामे आहेत. इंजेक्शन, सलाईन, नाकातली नळी किंवा कॅथेटर (लघवीची नळी) घालणे-बदलणे आणि खोल जखमेचे ड्रेसिंग ही नोंदणीकृत परिचारिकेची कामे आहेत. ती डॉक्टरांच्या लेखी सूचनेवरूनच व्हावीत. ‘तुमच्या मावशींना सवय आहे, त्याच देतील की इन्सुलिन,’ असा आग्रह पहिल्याच आठवड्यात होईल. शुश्रूषेचे प्रशिक्षण नसलेल्या बाईने असे काम केले आणि चूक झाली, तर त्याची शिक्षा प्रथम रुग्णाला आणि नंतर तिलाच भोगावी लागते. म्हणून येथे नकार देण्याची सवय लावून घ्यावी. धुणी-भांडी आणि साऱ्या घराचा स्वयंपाक हेही हद्दीबाहेर ठेवावे. रुग्णाचे ताट-वाटी, त्याचे कपडे आणि त्याची खोली एवढेच मावशीचे काम असते.

नोंदणीच्या बाबी त्या मानाने सोप्या आहेत. लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य होते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ खाली कामगारसंख्येप्रमाणे नोंदणी करावी किंवा सूचना द्यावी लागते. जीएसटी, भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा हे कधी लागू होतात, ते सनदी लेखापाल आणि कामगार सल्लागार यांच्याकडून सुरुवातीसच समजून घ्यावे. बारा तासांच्या ड्युटीत कायद्यातील नियमित तासांपेक्षा जास्त तास भरतात. त्या जादा तासांचा मोबदला कसा द्यायचा, हा प्रश्न या भेटीत आवर्जून विचारावा, कारण आपण विचारल्याशिवाय तो कोणी काढत नाही.

दुसरी पायरी: घरची पहिली भेट

फोनवरून केस घेऊ नये. घरी जाऊन निदान तासभर बसावे आणि ही भेट व्यवसाय चालवणाऱ्याने स्वतः करावी.

बहुतेक वेळा चौकशी न्यू जर्सीहून मुलगा करतो, पैसे मुलगी भरते, शेजारच्या काकू किल्ली सांभाळतात आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे ते आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत असतात. अशा वेळी फोन बाजूला ठेवून आपली खुर्ची त्यांच्यासमोर ओढावी आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारावा. तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल, हा प्रश्न मी नेहमी सर्वांत आधी विचारतो. एका निवृत्त प्राध्यापकांना ‘आजोबा’ हा शब्द सहन होत नसे. आमच्या मावशीने ‘सर’ म्हणायला सुरुवात केल्यावर पंधरा दिवस अडलेली अंघोळ सुरळीत झाली. त्यानंतर उठण्याची वेळ, चहा साखरेचा की बिनसाखरेचा, पूजा, वर्तमानपत्र, रेडिओ, दुपारची झोप, ऐकू कोणत्या कानाने येते, कवळी केव्हा काढतात हे सारे लिहून घ्यावे. स्त्री-रुग्णाला पुरुष सेवक चालणार नाही हे आपण गृहीत धरतो. पुरुष-रुग्णालाही परस्त्रीकडून अंघोळ घालून घेताना संकोच वाटतो, हे मात्र विचारायचे राहून जाते.

मग घर पाहावे. न्हाणीघरात हाताला धरायला दांडी आहे का, पायपुसणी घसरते का, संडास भारतीय पद्धतीचा असल्यास कमोड खुर्ची लागेल का, रात्री पलंगापासून संडासापर्यंत दिवा असतो का आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते का, हे तपासावे. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो. परंतु तिसऱ्या मजल्यावरून बेशुद्ध माणसाला जिन्याने चादरीत उतरवावे लागले की तो कायमचा लक्षात राहतो. औषधांची यादी, डॉक्टरांचा फोन, आणीबाणीत कोणत्या रुग्णालयात न्यायचे आणि निर्णय कोण घेणार हे एका कागदावर उतरवून तो फ्रिजवर लावावा. निर्णय घेणारी व्यक्ती एकच असावी. तीन भावंडांच्या तीन सूचना मावशीच्या फोनवर येऊ लागल्या, तर ती केस महिनाभरही टिकत नाही.

याच भेटीत एक अवघड प्रश्न निघतो. ‘बाई कोणत्या समाजाच्या?’ असे कोणी सरळ विचारते, तर कोणी आडनाव विचारून अंदाज बांधते. जातीची माहिती आम्ही देत नाही आणि जातीवरून मावशी बदलूनही देत नाही, हे नम्रपणे परंतु पहिल्याच दिवशी सांगावे. सोवळ्यामुळे देवघरात किंवा स्वयंपाकघरात घरातल्यांखेरीज कोणीच जात नसेल, तर तो नियम पाळता येतो. मात्र मावशीसाठी वेगळा कप ठेवणे किंवा तिला संडास वापरू न देणे या गोष्टी मान्य करू नयेत. या कारणाने काही केसेस सोडाव्या लागतात. मी सोडल्या आहेत, आणि त्यांतली काही कुटुंबे दोन महिन्यांनी परत आली आहेत.

तिसरी पायरी: माणसे निवडणे आणि शिकवणे

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक स्त्रिया लातूर, बीड, नांदेडकडून पुण्यात आलेल्या आणि स्वतःच्या मिळकतीवर घर चालवणाऱ्या असतात. काहींनी जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णसेवेतल्या मदतनिसाचा, अभ्यासक्रम केलेला असतो, तर काही सासूचे किंवा आईचे आजारपण काढून शिकलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारच्या स्त्रियांना कमी लेखू नये. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पोलीस पडताळणी आणि आधीच्या दोन घरांशी फोनवर बोलणे एवढे प्रत्येकीसाठी करावे. मूळ कागदपत्रे मात्र स्वतःकडे अडकवून ठेवू नयेत.

कामावर पाठवण्याआधी निदान आठवडाभर प्रत्यक्ष सराव करून घ्यावा आणि तोही माणसावर करावा. शिकणाऱ्या स्त्रियांनी एकमेकींना पलंगावरून खुर्चीत बसवावे, एकमेकींना चमच्याने भरवावे आणि तासभर एकाच कुशीवर पडून पाहावे. मी स्वतः एकदा डोळे मिटून वरणभात भरवून घेतला. दुसऱ्याच घासाला, पहिला गिळून होण्याआधी चमचा ओठांशी आला की काय वाटते ते कळले.

शिकवण्याच्या गोष्टींपैकी काही अशा आहेत, की त्यांबाबत चूक चालत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. एअर बेड आणला म्हणून हे काम संपत नाही. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज उजेडात पाहाव्यात. बोटाने दाबल्यावरही न जाणारा लालसरपणा ही शय्याव्रणाची सुरुवात असते आणि त्याच दिवशी ती कळवली पाहिजे. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का हे हाताने पाहावे. भरवताना पाठ उंच करून बसवावे आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. ठसका लागत असेल तर पाणी ओतत राहू नये. गोळी कुटून देण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण काही गोळ्या कुटल्याने अपाय होतो.

मधुमेही व्यक्ती एकाएकी घामाघूम झाली, थरथरू लागली किंवा असंबद्ध बोलू लागली, तर ग्लुकोमीटरने साखर पाहावी. ती ७० च्या खाली असेल आणि व्यक्ती शुद्धीत असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये आणि १०८ ला फोन करावा. चेहरा एका बाजूला ओढला जाणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून ‘शेवटचे नीट केव्हा बोलले?’ ही वेळ मावशीला सांगता आली पाहिजे. ‘थोडे पडू द्या, बरे वाटेल’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकाचे ऐकत बसू नये.

चौथी पायरी: तक्ता आणि पैसा

नवखे व्यावसायिक येथेच बुडतात, म्हणून हिशेब सविस्तर मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत. आपापल्या गावचे दर घालून तो पुन्हा करावा.

समजा, चोवीस तासांच्या पाच केसेस आहेत. बारा-बारा तासांच्या दोन ड्युट्या धरल्या, तर महिन्याच्या तीस दिवसांत ३०० ड्युट्या भरतात. प्रत्येकीला आठवड्याची सुट्टी देऊन महिन्याला २५ ड्युट्या धरल्यास १२ जणी लागतात. परंतु कोणाचे मूल आजारी पडते, कोणाला गावी मयतीला जावे लागते आणि दिवाळीत तर निम्म्या जणी घरी जाऊ पाहतात. म्हणून एक तेरावी राखीव हवीच, आणि तिला घरी बसलेल्या दिवसांचेही पैसे हवेत. कुटुंबाकडून ड्युटीमागे १००० रुपये घेऊन मावशीला ७५० दिले, तर महिन्याला ७५,००० रुपये मागे राहतात. त्यांतून राखीव मावशीचे १८,७५० आणि फोन सांभाळणाऱ्या समन्वयकाचे २५,००० वजा केले, की ३१,२५० उरतात. प्रशिक्षण, अपघात विमा, प्रवास, जागा, जादा तासांचा मोबदला आणि बुडीत बिले हे सारे त्यातच बसवायचे असते. मालकाच्या हाती पहिल्या वर्षी फारसे काही पडत नाही, हे मान्य करूनच यात उतरावे. हा हिशेब जमत नाही असे दिसले की बहुतेक ब्युरो राखीव मावशी काढून टाकतात. मग कोणी आली नाही की रात्रपाळी केलेल्या बाईलाच ‘आजचा दिवस काढ’ म्हणून थांबवतात. सलग चोवीस तास जागलेल्या बाईच्या हातून म्हातारे माणूस पडते, किंवा तिचा आवाज चढतो. मग तिला ‘निर्दयी’ म्हणून काढून टाकले जाते, आणि तक्ता करणारा मात्र नामानिराळा राहतो.

घरीच राहणारी चोवीस तासांची मावशी हा प्रकार स्वस्त पडतो, म्हणून कुटुंबे तो मागतात. रुग्ण रात्री शांत झोपत असेल तरच तो मान्य करावा. झोपायला स्वतंत्र जागा, सलग रात्रीची झोप, दुपारी दोन तासांची मोकळीक आणि साप्ताहिक सुट्टी या अटी लेखी असाव्यात. रुग्ण रात्रीतून चार वेळा उठत असेल तर दोन पाळ्या लावाव्यात. परवडत नसेल तर रात्री घरातले कोण उठणार, हे ठरवून घ्यावे.

पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, बँकेतून आणि कुटुंबाचे बिल आले नसले तरीही झाला पाहिजे. त्यासाठी दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय पहिली केस घेऊ नये. कुटुंबाकडून पंधरा दिवसांची अनामत घ्यावी. कुटुंबाने परस्पर मावशीला ठेवून घेऊ नये म्हणून करारात मोठा दंड लिहिण्याची पद्धत आहे. माझ्या मते आपला दर आणि वागणूक नीट असेल तर असे प्रसंग थोडे येतात. आणि एखादीला त्या घरात खरोखर चांगले मिळत असेल, तर तिला अडवण्यात अर्थ नसतो.

पाचवी पायरी: रोजची वही

प्रत्येक घरात शंभरपानी वही ठेवावी. औषधे, जेवण, पाणी, लघवी-शौच, कूस बदलल्याच्या वेळा, कातडीची अवस्था आणि मन:स्थिती यांची नोंद दोन्ही पाळ्यांच्या मावशींनी करावी, आणि सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे एकत्र थांबून एकमेकींना सांगावी. त्या दहा मिनिटांचे पैसे द्यावेत, नाहीतर ती दहा मिनिटे होत नाहीत. लिहिता न येणाऱ्या मावशीसाठी चित्रांचा तक्ता करावा. रुग्णाचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याचा प्रघात पडला आहे. तो कुटुंबाच्या आणि शक्यतो रुग्णाच्याही संमतीनेच, आणि अंघोळ किंवा जखमेच्या वेळी तर फारच जपून पाळावा. खोलीत कॅमेरा लावायचा असल्यास मावशीला आधी सांगणे बंधनकारक करावे, आणि ती कपडे बदलते किंवा झोपते तिथे तो कदापि नसावा.

वापरलेले डायपर कागदात घट्ट गुंडाळून, त्यावर लाल ठिपका काढून कचरावेचक ताईंकडे वेगळे द्यावेत. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवाव्यात. आपल्या घरच्या सुया त्या ताईंच्या हातात घुसू देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

सहावी पायरी: विसरणारी माणसे, रागावणारी माणसे

स्मृतिभ्रंशाच्या केससाठी सर्वांत शिकलेली नव्हे, तर सर्वांत न रागावणारी मावशी निवडावी आणि ती वारंवार बदलू नये. संध्याकाळी दिवे लागण्याच्या सुमारास अशा व्यक्तींची अस्वस्थता अनेकदा वाढते. स्वतःच्याच घरात बसलेली आजी पदर सावरून ‘मला घरी सोडा’ म्हणते. ‘हेच तुमचे घर आहे’ असा वाद घालून तिची समजूत पटत नाही. ‘चहा घेऊन निघू या, घरी कोणकोण आहे?’ असे विचारले, तर ती माहेरचा वाडा, आड, भावंडे यांविषयी बोलू लागते आणि निघण्याची घाई ओसरते. त्या वेळी खोल्यांत पुरेसा उजेड करावा. अस्वस्थता एकाएकी वाढली, तर लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ किंवा दुखणे यांची शंका घेऊन डॉक्टरांना कळवावे. नळी ओढू नये म्हणून हात पलंगाला बांधून ठेवणे आम्ही करत नाही.

आजारामुळे एखादे आजोबा मावशीच्या अंगाला हात लावतात, आणि कधी घरातला धडधाकट पुरुषही लावतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्या प्रसंगी पुरुष सेवक नेमावा आणि मावशीला दुसरी केस द्यावी, तीही पगार न कापता. दुसऱ्या प्रसंगी मावशीला त्याच दिवशी बाहेर काढावे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात निवासस्थानाचाही समावेश आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते आणि दहा किंवा अधिक असतील तर अंतर्गत समिती आपणच नेमायची असते. हे तिला कामावर घेतानाच समजावून सांगावे.

उलट बाजूचीही दक्षता हवी. मावशीने एटीएमचे कार्ड, पिन, चेकबुक आणि कपाटाची किल्ली यांना हात लावू नये. भेट म्हणून साडी मिळाली तर वहीत लिहावी. सोन्याची वस्तू घेऊ नये. बाजारातून काही आणले तर पावती वहीत चिकटवावी. चोरीचा आळ आला तर तपासाआधी मावशीला दोषी धरू नये. आमच्याकडे आळ आलेल्या एका प्रसंगी बांगडी आठ दिवसांनी तांदळाच्या डब्यात सापडली. आजींनी स्वतःच ती तिथे जपून ठेवली होती. मावशीच्या अंगावर घातलेला आळ खोटा ठरल्यावर कुटुंबाने तिची माफी मागावी, ही अट मी तेव्हापासून करारात घातली.

अंगावर वळ, एकाएकी घटलेले वजन, मुलगा खोलीत येताच गप्प होणारी आई, सही घेण्यासाठी पुढे केलेले कागद अशा गोष्टी मावशीला आपल्याआधी दिसतात. तिने त्या आपल्याला सांगाव्यात आणि आपण त्या गिळू नयेत. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ ही आहे. बिल भरणारा तोच मुलगा असला, तरी आपला रुग्ण त्याची आई असते.

शेवटची पायरी: केस संपते तेव्हा

बऱ्याच केसेस मृत्यूने संपतात आणि त्याची तयारी आधी करावी लागते. अखेरच्या दिवसांत व्हेंटिलेटर हवा की नको, याविषयी रुग्णाने आधीच लेखी निर्देश दिलेले असू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा निर्देशांना मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्यांची प्रक्रिया सोपी केली. तसा कागद आहे का आणि कोणाकडे आहे, हे फ्रिजवरच्या पानावर लिहिलेले असावे. मृत्यू घरी झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यावा लागतो आणि २१ दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते. सुटीच्या दिवशी घरी येऊन दाखला देतील अशा डॉक्टरांचे नाव आधीच विचारून ठेवावे.

त्या रात्री मावशी घरात असेल, तर समन्वयकाने तिथे पोचावे. तिला अंत्ययात्रेपर्यंत थांबायचे असेल तर थांबू द्यावे आणि घरच्यांना तसे सांगावे. दोन वर्षे ज्या देहाला तिने रोज न्हाऊ घातले, त्याच्या जवळ उभे राहायला तिला परवानगी मागावी लागू नये. उरलेली अनामत दहाव्याच्या आत परत करावी. वही कुटुंबाला द्यावी, मात्र तिची प्रत आपल्याकडे ठेवण्याची संमती करारात आधीच घेतलेली असावी. मावशीला तीन दिवसांची भरपगारी सुट्टी द्यावी. तिची पुढची केस शक्यतो चालती-फिरती, बोलकी, पत्ते खेळणारी अशी काढून ठेवावी.